बुडणारी दोरी

रविवार, ८ फेब्रुवारी २००९. सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी वेळवंडे गावच्या कोंडात, देवळाच्या तिसऱ्या पायरीशी, एक खडस मासा पोट वर करून तरंगताना आढळला. लांबी तीन फूट चार इंच. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात पिसं बांधलेला गळ रुतलेला होता. गळाला नायलॉनचा दोरा आणि त्यापुढे अकरा फूट गडद तपकिरी दोरी. दोरीचं दुसरं टोक तुटलेलं नव्हतं. ते कापलेलं होतं.

मासा पहिल्यांदा पाहिला तो भिवा गुरवांनी. ते पूजेचं पाणी घ्यायला उतरले होते. कळशी पायरीवरच ठेवून ते शाळेच्या पडवीत आले. तिथे मी आणि माझे मासेमारीतले सोबती घारपुरे झोपलो होतो.

"पत्रकारभाऊ, उठा."

"काय झालं, काका?"

"मासा मेलाय." मग जरा थांबून, "दोरी हाय तोंडात."

घारपुरे उठून बसले आणि उशाशी चष्मा चाचपू लागले. "कसली दोरी?"

भिवाकाकांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. "ती तुमी सांगायची," ते मला म्हणाले.

खाली जाऊन मी ती दोरी चिमटीत धरली. ओळखायला वेळ लागला नाही. एकोणतीस दिवसांपूर्वी तिचं वजन मीच केलं होतं.

वेळवंड्याचा कोंड म्हणजे नदीतला एक खोल डोह. वर वाघजाईचं देऊळ, खाली बावीस फूट पाणी. त्यातले मासे देवीचे. ते कोणी धरत नाही, त्यांना कोणी खडा मारत नाही. कोंड जिथे संपतो त्या मोठ्या खडकाच्या खाली मात्र नदी पसरते. गोट्यांवरून वाहणारं गुडघाभर, फार तर कमरेइतकं पाणी, असं साधारण पाव किलोमीटर.

मी तेव्हा चिपळूणला एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. मे २००७ मध्ये मी या कोंडावर अर्धं पान लिहिलं होतं. त्यानंतर घारपुरेंचा फोन आला. "रेडीज, ती जागा मला दाखव."

मोहन घारपुरे पुण्याचे. भोसरीत त्यांचा दाब मोजणारी यंत्रं बनवायचा लहान कारखाना होता. माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठे. पिसांची माशी गळाला बांधून मासा खेळवायचा, मोजायचा आणि सोडून द्यायचा, हा छंद मला त्यांनी लावला. नऊ वर्षं आम्ही एकत्र जात होतो. रॉड कसा धरायचा, मनगट कुठे थांबवायचं, ओला हात केल्याशिवाय माशाला का शिवायचं नाही, हे सगळं त्यांच्याकडून शिकलो.

तिथे मासेमारी करायची तर परवानगी हवी होती. ती ग्रामपंचायतीची नव्हे, देवीची. त्या सुमारास वरच्या अंगाला कोणीतरी सुरुंगाचे तोटे लावून मासे मारत होतं. शनिवार-रविवारी आम्ही नदीवर उभे राहिलो तर त्यांना आळा बसेल, असं मी देवस्थान कमिटीच्या बैठकीत सांगितलं. अध्यक्ष दत्ताराम चाळके, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, हसले.

"मासे राखायला गळवाले आणायचे? रेडीज, छापू नका हा असलं कुठं."

"आम्ही मासा सोडून देतो, दादा."

"सोडायचा तर धरायचा कशाला?"

घारपुरे म्हणाले, "भेटायला." त्यावर चाळके आणखी हसले, पण म्हणाले, "भिवा, लाव कौल."

नोव्हेंबर २००८. भिवाकाकांनी देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. ते मी तेव्हाच वहीत उतरवून घेतलं. "आये, हे दोन पावणे आलेत. कोंडात उतरायचे नाय. मोठ्या खडकाच्या खाली ऱ्हातील. पाण्यावर तरंगते त्या दोरीनं खेळतील. वरचं पाणी त्यांचं, तळ तुजा. मी ह्यांच्यासाठी उभा हाय. चालत आसंल तर उजवा दे."

एकवीस मिनिटांनी उजवी पाकळी पडली.

तरंगणाऱ्या दोरीची अट भिवाकाकांनी स्वतःच्या मनाने घातली नव्हती. आदल्या दिवशी मीच त्यांना दोन प्रकार समजावले होते. एक लाइन पाण्यावर राहते, दुसरी बुडते. खालच्या उथळ पाण्यात बुडणारी लाइन निरुपयोगी, गोट्यांत अडकते. ती लागते फक्त खोल डोहाला. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि गाऱ्हाण्यात घातलं. "मी ह्यांच्यासाठी उभा हाय" याचा अर्थ मी परत येताना त्यांना विचारला.

"काय नाय. तुमी चुकलात तर मी चुकलो."

शनिवार, १० जानेवारी. घारपुरे तीन लाइन घेऊन चिपळूणला आले. एका परदेशी माणसाकडून त्यांनी त्या एकगठ्ठा घेतल्या होत्या. खोके नव्हते, चिठ्ठ्या नव्हत्या.

"मार्चमध्ये उत्तराखंडला जातोय," ते म्हणाले. "यातली माझ्या आठ नंबरच्या रॉडला कुठली चालेल ते तू सांग. तुझ्याइतकं काटेकोर कोणी करत नाही."

या मासेमारीत गळाला शिसं नसतं. पिसांच्या माशीला वजन नसतं. आपण फेकतो ती लाइन, आणि माशी तिच्यामागे जाते. म्हणून लाइनचं वजन रॉडला जुळावं लागतं. लाइन हलकी पडली तर रॉड वाकत नाही, जड झाली तर उठत नाही. रॉडवर मुठीच्या वर नंबर लिहिलेला असतो. लाइनच्या पहिल्या तीस फुटांचं वजन त्या नंबरला बसलं पाहिजे. आठ नंबरला तेरा पूर्णांक सहा ग्रॅम. थोडं इकडेतिकडे चालतं.

असं वजन मी बाजारपेठेतल्या अमृत पोतदारांच्या काट्यावर करायचो.

"आले दोरीवाले," पोतदार म्हणाले. "रेडीज, एकदा तरी गुंजभर सोनं आणा हो. माझ्या काट्याला लाज वाटते."

"आज तीन दोऱ्या आहेत."

"म्हणजे मोठी खरेदी!"

पहिली पोपटी, तेरा पूर्णांक पाच. दुसरी पिवळी, पंधरा पूर्णांक सहा. ती नऊ नंबरची, बाजूला ठेवली. तिसरी गडद तपकिरी, तेरा पूर्णांक सात. घरी येऊन मी उरलेल्या दोन्हींची टोकं बादलीत सोडली. पोपटी तरंगली. तपकिरी सरळ तळाला गेली.

"हीच," घारपुरे म्हणाले.

"उत्तराखंडला हिची गरज पडेल? तिथे पाणी वाहतं आहे."

"डोह असतात रे मोठे. तू भर तर."

मी रील उघडलं. बुडणारी लाइन तरंगणारीपेक्षा बारीक असते, त्यामुळे रीलमध्ये जागा उरते. ती जागा खालून साध्या दोऱ्याने भरून काढावी लागते, नाहीतर लाइन लहान वेटोळ्यांत बसते आणि फेकताना पिळे पडतात. एकशे साठ मीटर दोरा भरला, वर लाइन गुंडाळली. काठापासून चार मिलिमीटर जागा सोडली. मोठ्या माशाने सगळा दोरा ओढून नेला आणि घाईने परत गुंडाळला, तरी रील अडकणार नाही इतकी. घारपुरेंनी बोट फिरवून बघितलं.

"दागिना केलास."

मग बुडण्याचा वेग काढायचा होता. आमच्या मागच्या विहिरीत तेव्हा सव्वीस फूट पाणी होतं. लाइनवर फुटाफुटाला खूण केली, सोडली, घड्याळ लावलं. तीनदा केलं. सेकंदाला सहा इंच.

"बावीस फुटांना किती?" घारपुरेंनी विचारलं.

"चव्वेचाळीस सेकंद."

"नक्की?"

"तीनदा मोजलंय."

त्यांनी काठावर उभं राहून मोठ्याने चव्वेचाळीस मोजून बघितले. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "लपंडाव चाललाय का?" आम्ही हसलो. मी वहीत सगळे आकडे लिहिले, तारीख घातली आणि सही केली. ती सवय होती.

शनिवार, ७ फेब्रुवारी. दुपारी तीनपासून आम्ही मोठ्या खडकाच्या खाली पाण्यात होतो, दोघांच्याही रॉडला तरंगणाऱ्या लाइन. मला एक लहान मासा लागला, दहा इंचांचा. सोडला. पावणेपाच वाजता मी रॉड काठाला टेकवला.

बातम्या साडेपाचच्या आत फोनवर सांगाव्या लागत. गावात मोबाइलची रेंज नव्हती. त्यासाठी सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावर, चढून जावं लागे, जायला चाळीस मिनिटं.

"निघाला रोजचा रतीब घालायला," घारपुरे म्हणाले. "किती वाजता परत?"

"सहा-सव्वासहा."

"घाई करू नकोस. उतारावर पाय सांभाळ."

मी सहा वाजून दहा मिनिटांनी परतलो. घारपुरे मोठ्या खडकावर बसले होते. रॉड सुटा करून पिशवीत घातलेला. शर्टाच्या बाह्या खांद्यापर्यंत भिजलेल्या.

"पडलात की काय?"

"पाय घसरला. काही नाही." त्यांना अजून धाप लागलेली होती. "पाणी गार आहे आज. काही लागलं नाही."

मी त्यांना पाठीवर टाकायला माझा टॉवेल दिला.

रविवारी साडेआठला देवळासमोर माणसं जमली. मासा केळीच्या पानावर ठेवला होता. चाळकेंनी तपकिरी दोरी माशाच्या तोंडाजवळून सोडवली, घंगाळात पाणी मागवलं आणि दोरी त्यात टाकली. सगळे वाकून बघत होते. ती तळाला गेली.

"भिवा," चाळके म्हणाले, "कौल कसल्या दोरीचा होता?"

"तरंगत्या."

"ही काय करते?"

"बुडते."

चाळके आमच्याकडे वळले. आज हसत नव्हते. "कोनाची?"

घारपुरे पुढे झाले. अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून आले होते. त्यांनी पिशवीतून रील काढलं, लाइन हातभर ओढली आणि घंगाळात सोडली. पोपटी लाइन पाण्यावर राहिली.

"माझ्या रीलवर ही आहे. तरंगणारी. काल तीन वाजल्यापासून मी हिनेच खेळत होतो, रेडीजनी बघितलंय." ते शांतपणे बोलत होते. "ती बुडणारी लाइन रेडीजनी निवडली. सोनाराकडे वजन केलं, विहिरीत वेळ लावून बघितली, रीलवर भरली. त्यांच्या वहीत सगळं आहे. विचारा त्यांना."

"खरं हाय?" चाळकेंनी मला विचारलं.

"खरं आहे. पण ती त्यांच्यासाठी. उत्तराखंडसाठी म्हणून..."

"म्हंजे भरली तुमी."

"भरली मी. पण काल संध्याकाळी मी इथे नव्हतो. सड्यावर होतो."

"कोनी बगितलं?"

कोणी बघितलं नव्हतं. कार्यालयात फोन घेणाऱ्याने बघितलेलं नसतं, फक्त ऐकलेलं असतं. मी घारपुरेंकडे बघितलं. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की हा चढून गेला तेव्हा मी इथे एकटा होतो. ते चष्मा पुसत होते.

ते जे बोलले त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. मी रोज बातम्या लिहितो. खऱ्या वाक्यांचा क्रम कसा लावला की काय दिसतं, हे मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे हे त्या दिवशी कळलं.

"दुसरं रील कुठे आहे, घारपुरे?" मी विचारलं. "त्यांची पिशवी बघा, दादा."

घारपुरेंनी पिशवी स्वतःच पायरीवर उलटी केली. डबी, कात्री, चिमटा, टोपी. दुसरं रील नव्हतं. एकशे साठ मीटर दोरा आणि उरलेली लाइन असलेलं ते रील नदीत गेलं असावं. मी त्यानंतर कधी पाहिलं नाही.

"पावण्यांचं भांडन पावण्यांनी बगावं," चाळके म्हणाले. "आमचं आमी बगू. भिवा, कौल तू लावलास."

"व्हय."

"ह्यांच्यासाठी उभा ऱ्हायलास."

"व्हय."

"तुला कोन वाटतो?"

भिवाकाकांनी एकदा घारपुरेंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. माझ्याकडे जास्त वेळ. "मला दोगं सारकंच," ते म्हणाले. "मी दोगांसाठी उभा ऱ्हायलो."

मासा पांढऱ्या कपड्यात गुंडाळून काठावर पुरला. त्या दिवशी गावात दुपारपर्यंत चूल पेटली नाही. पूजा भिवाकाकांकडून काढून चुलतभाऊ रामा गुरवांकडे दिली. चार पिढ्या ती त्यांच्या घरात होती. देवळाच्या उत्पन्नाची भातखाचरं पूजेबरोबर गेली. भिवाकाकांनी वाद घातला नाही. ते उंबऱ्याबाहेर आले, आणि आत जायचं नाही हे लक्षात न येऊन पुन्हा वळले. मग थांबले.

आम्ही घारपुरेंच्या गाडीतून परत निघालो. घारपुरे गाडी नेहमीसारखीच चालवत होते, प्रत्येक वळणावर भोंगा वाजवत.

"का?" मी विचारलं.

"बासष्ट वर्षांचा आहे मी. उजवा हात थरथरतो, तुला दिसतच असेल. पुढच्या वर्षी फेकता येईल का सांगता येत नाही." थोड्या वेळाने ते म्हणाले, "तीन फूट चार इंच, रेडीज."

"मेला तो."

"सोडणारच होतो. खडकाखाली शिरला. लाइन कापावी लागली."

"तिथे उभं राहून खरं का नाही बोललात?"

"मी खोटं काय बोललो?"

"भिवाकाकांची पूजा गेली."

"त्या लोकांचं ते बघतील. चार महिन्यांत परत देतील, तू बघ. तुझ्यावर आरोप तरी मी कुठे केला? लाइन कोणी भरली एवढंच सांगितलं. तुला तिथे पुन्हा जायचंय कशाला?" घाट उतरून गाडी सपाटीला लागली. त्यांचा आवाज एकदम हलका झाला. "एक सांगू? चव्वेचाळीस मोजले. बरोबर चव्वेचाळिसाला ओढ लागली. तुझं काम फार अचूक, राव."

मी गाडी थांबवायला सांगितली आणि उतरलो. माझा रॉड त्यांच्या गाडीच्या टपावरच राहिला. तो त्यांनी आठवड्याने कुरियरने पाठवला, व्यवस्थित गुंडाळून.

सोमवारच्या अंकात मी चार ओळींची बातमी दिली. वेळवंडे येथे मासा मृतावस्थेत आढळला. कारण समजू शकले नाही. माझ्या नोकरीच्या सव्वीस वर्षांत जाणूनबुजून चुकीचं छापलेलं ते एकच वाक्य.

त्यानंतर मी दोनदा वेळवंड्याला गेलो. दोन्ही वेळा चाळकेंनी पाणी दिलं, चहा दिला आणि विषय काढू दिला नाही. भिवाकाका मुलीकडे खोपोलीला गेले होते. तिथे ते एका सोसायटीच्या बागेला पाणी घालत, असं कळलं. मी तिथे गेलो नाही. घारपुरे मार्चमध्ये उत्तराखंडला गेलेच नाहीत. तिकीट त्यांनी कधी काढलंच नव्हतं, असं मला त्यांच्या कारखान्यातल्या माणसाने पुढे सांगितलं.

सप्टेंबर २०१८ मध्ये रामा गुरव वारले. त्यांना मूल नव्हतं. पूजा कोणाकडे द्यायची, हा प्रश्न कमिटीपुढे आला. भिवाकाकांच्या मुलीने मला फोन केला. तिचं नाव शेवंता. मी तिला कधी भेटलेलो नव्हतो.

"बाबा काही बोलत नाहीत," ती म्हणाली. "पण कमिटी म्हणते, तेव्हा काय झालं ते कोणी लेखी दिलं तर विचार करू. तुम्ही द्याल का?"

"देतो."

"त्यांना फक्त एक विचारायचंय तुम्हाला."

फोनवर जरा खरखर झाली. मग भिवाकाकांचा आवाज आला, म्हातारा झालेला. "पत्रकारभाऊ, तुमाला म्हाईत होतं का?"

मी म्हणालो, "लिहून पाठवतो, काका."

पत्र लिहायला मला सहा दिवस लागले. घारपुरे गाडीत काय बोलले ते लिहिलं. वजन, विहीर, वेळ, सगळं तारखांसह. आणि पाचव्या दिवशी पुढचा परिच्छेद घातला.

उत्तराखंडातल्या नदीच्या डोहाची खोली कोणी फुटात सांगू शकत नाही. ती दर आठवड्याला बदलते. बावीस फूट हा आकडा एकाच पाण्याचा होता. तो भिवाकाकांनी २००७ च्या उन्हाळ्यात दगड बांधलेला दोर सोडून मला मोजून दाखवला होता, आणि मी तो छापला होता. घारपुरेंनी तो माझ्याच बातमीतून घेतला. विहिरीच्या काठावर त्यांनी "बावीस फुटांना किती" असं विचारलं तेव्हा तो आकडा मी ओळखला. एक क्षण ओळखला. मग उत्तर काढलं. प्रश्न विचारणं हा माझा धंदा आहे. तो प्रश्न मी विचारला नाही. नऊ वर्षं बरोबर असलेल्या माणसाला असं विचारायचं नसतं, असं मला त्या वेळी वाटलं. भिवा गुरवांना यातलं काहीही माहीत नव्हतं.

पत्र सोमवारी, ५ नोव्हेंबरला रजिस्टर पोस्टाने पाठवलं. एक प्रत घारपुरेंना. कमिटीची पोचपावती सोमवारी, १२ तारखेला आली. तिच्यावर दत्ताराम चाळकेंच्या मुलाची सही आहे. अध्यक्ष आता तो आहे. पुण्याचं पाकीट त्याच आठवड्यात परत आलं. शेरा, घेण्यास नकार.

बैठक रविवारी, २ डिसेंबरला झाली. शेवंता वडिलांना घेऊन सकाळी साडेनऊला गावात पोचली. बैठक अडीच तास चालली. पत्र वाचलं गेलं का, पूर्ण वाचलं गेलं का, हे तिला सांगता आलं नाही, कारण बायकांना आत घेतलं नव्हतं. भिवाकाका आत होते. बाहेर आल्यावर ते तिला इतकंच म्हणाले, की अजून काही ठरलं नाही, आणि आपण थांबू या.

आज गुरुवार, ६ डिसेंबर. गावात आता मोबाइलची रेंज येते. दुपारी चार वाजता मी शेवंताला फोन केला तेव्हा ते दोघं वेळवंड्यातच होते, शाळेच्या पडवीत.